सिमिलिपालचे काळे वाघ आणि जनुकांचा इशारा

२०२४च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातून दोन तरुण वाघिणी ओडिशातील सिमिलिपाल व्याघ्र प्रकल्पात नेण्यात आल्या. पहिली जमुना, दुसरी झीनत. झीनत नव्या जंगलात स्थिरावली नाही. डिसेंबरमध्ये तिने सिमिलिपालची हद्द ओलांडली, झारखंडमध्ये शिरली, तेथून पश्चिम बंगालच्या झाडग्राम, पुरुलिया आणि बांकुडा या जिल्ह्यांत भटकत राहिली. २९ डिसेंबर रोजी बांकुडा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून पकडण्यात आले. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात तपासणी झाल्यावर तिची रवानगी पुन्हा सिमिलिपालला झाली.

वृत्तवाहिन्यांनी या पाठलागाचे क्षणाक्षणाचे वर्णन केले. आमिष म्हणून बांधलेली जनावरे, जाळ्यांची कुंपणे, गावकऱ्यांची भीती, रात्ररात्र जागणारे वनकर्मचारी, हे सारे देशाने पाहिले. मात्र विदर्भातील वाघीण एवढ्या दूर ओडिशात मुळात का नेली, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. सिमिलिपालमध्ये वाघ नव्हते असे नाही. ओडिशा वनविभागाच्या २०२३-२४च्या गणनेत तेथे २७ प्रौढ वाघ आढळले होते. उणीव वाघांच्या संख्येइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, त्यांच्या रक्तातील विविधतेची होती. आणि ती उणीव जगाला दिसली ती वाघांच्या अंगावरच्या रंगातून.

सिमिलिपालमधील अनेक वाघ काळे दिसतात. ते संपूर्ण काळे नसतात. त्यांचे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले असतात आणि मधला केशरी रंग जेमतेम डोकावतो. शास्त्रीय परिभाषेत याला ‘आभासी कृष्णवर्णता’ म्हणता येईल. वर उल्लेखलेल्या गणनेतील २७ प्रौढ वाघांपैकी १३ असे होते. भारतातील, किंबहुना वाघांच्या संपूर्ण अधिवासातील कॅमेरा ट्रॅपच्या नोंदी तपासल्या तर जंगलात असे वाघ केवळ सिमिलिपालमध्येच आढळतात.

या रंगामागचे कारण २०२१मध्ये स्पष्ट झाले. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील उमा रामकृष्णन, विनय सागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राणिसंग्रहालयांतील काळ्या वाघांच्या वंशावळी आणि त्यांचे संपूर्ण जनुकसंच ताडून पाहिले. या वाघांत ‘टॅकपेप’ नावाच्या जनुकात एकच बदल सापडला. या जनुकापासून घडणाऱ्या प्रथिनातील ४५४व्या स्थानी हिस्टिडिन या अमिनो आम्लाऐवजी टायरोसिन आलेले होते. हेच जनुक घरगुती मांजरांच्या अंगावरील पट्ट्यांची नक्षी ठरवते आणि दक्षिण आफ्रिकेतील ‘किंग चित्ता’ या दुर्मीळ प्रकाराच्या जाड पट्ट्यांमागेही तेच असते. म्हणजे मार्जारकुळात निसर्गाने हा बदल वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या प्राण्यांत घडवलेला आहे.

बदल सापडला, पण तो किती पसरला आहे, हे जाणण्यासाठी जंगलातील वाघ तपासणे आवश्यक होते. त्यासाठी एकाही वाघाला हात लावावा लागला नाही. जंगलात पडलेली विष्ठा, गळालेले केस यांतून डीएनए मिळवण्यात आला. सिमिलिपालमधील १२ वाघांच्या अशा नमुन्यांत बदललेल्या जनुकाचे प्रमाण ०.५८ निघाले. प्रत्येक वाघाकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, म्हणजे १२ वाघांकडे २४. त्यांतील १४ प्रती बदललेल्या होत्या. याउलट देशाच्या आणि जगाच्या इतर भागांतील ३९५ वाघांमध्ये अशी एकही प्रत सापडली नाही.

येथे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी क्षणभर थांबून एक छोटे गणित करून पाहावे. हा बदल अप्रभावी आहे. म्हणजे वाघ काळा दिसण्यासाठी आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडूनही बदललेली प्रत यावी लागते. समूहात अशा प्रतींचे प्रमाण ०.५८ असेल आणि जोड्या यदृच्छया जुळत असतील, तर दोन्ही प्रती बदललेल्या असण्याची शक्यता ०.५८ गुणिले ०.५८, म्हणजे सुमारे ०.३४. कॅमेरा ट्रॅपच्या छायाचित्रांतून मोजलेले काळ्या वाघांचे प्रमाण होते सुमारे ३७ टक्के. विष्ठेतील रेणूंवरून काढलेला अंदाज आणि झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्याने टिपलेली आकडेवारी एकमेकींच्या इतक्या जवळ यावीत, ही समाधानाची गोष्ट आहे. नमुना लहान आहे हे खरे. तरीही दोन स्वतंत्र मार्गांनी एकाच ठिकाणी पोहोचता येते, तेव्हा त्या ठिकाणावर विश्वास ठेवायला आधार मिळतो.

आता खरा प्रश्न. अन्यत्र शून्य असलेले हे प्रमाण एका जंगलात निम्म्याहून अधिक का व्हावे? काळा रंग सिमिलिपालच्या दाट सालवनात लपण्यास उपयोगी पडतो आणि म्हणून निसर्गाने त्याची निवड केली, असे उत्तर सहज सुचते. तसे पुरावे मात्र मिळाले नाहीत. या जनुकाच्या जागी सिमिलिपाल आणि अन्य वाघांत असलेला फरक मोठा आहे, पण त्यांच्या जनुकसंचातील इतर जागांवरील फरकांच्या तुलनेत तो जगावेगळा नाही. संगणकावरील प्रतिरूपांनीही हेच सुचवले की काही मोजक्या वाघांपासून समूह सुरू झाला, तो इतरांपासून तुटला आणि उरलेले काम योगायोगाने केले, एवढे मानले तरी ही स्थिती समजावून घेता येते.

या योगायोगाला जनुकशास्त्रात ‘जनुकीय अपवाह’ म्हणतात. नाणे हजार वेळा उडवले तर छापा आणि काटा साधारण निम्मे-निम्मे पडतात. दहाच वेळा उडवले तर सात-तीन किंवा आठ-दोन असा निकाल येण्यात नवल नसते. लहान समूहात प्रत्येक पिढी म्हणजे मोजकीच नाणी. एका पिढीत योगायोगाने सात-तीन पडले की पुढची पिढी त्या सात-तीनपासूनच सुरू होते. मूळ निम्म्या प्रमाणाकडे परतण्याची तिला कोणतीही सक्ती नसते. मद्यपी माणसाची चाल जशी अरुंद पुलावर कधीतरी कडेला जाऊन पडते, तशी जनुकाची एखादी आवृत्ती हळूहळू नाहीशी होते किंवा सर्वत्र तीच उरते. दोन्ही प्रकारांत विविधता संपते.

या ऱ्हासाचा वेग ठरलेला आहे. प्रत्यक्ष प्रजननात भाग घेणाऱ्या प्राण्यांची परिणामकारक संख्या दहा असेल, तर दर पिढीत सुमारे पाच टक्के विविधता नष्ट होते आणि दहा पिढ्यांनंतर मूळच्या साधारण ६० टक्के उरते. तीच संख्या शंभर असेल तर दहा पिढ्यांनंतरही ९५ टक्के शिल्लक राहते. वाघाची एक पिढी पाच वर्षांची धरली, तर दहा पिढ्या म्हणजे पन्नास वर्षे. १९७३मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हापासून आजपर्यंतचा साधारण तेवढाच काळ. शिवाय परिणामकारक संख्या ही डोकी मोजून येत नाही. एखादा बलवान नर अनेक वर्षे बहुतेक बछड्यांचा बाप असतो, काही माद्यांची पिल्ले जगतच नाहीत. म्हणून जंगलात सत्तावीस वाघ असले तरी जनुकांच्या हिशेबात ते त्याहून बरेच कमी भरतात.

काळा रंग स्वतःच वाघाला अपाय करतो, असे या संशोधनाने म्हटलेले नाही. मग चिंता कशाची? चिंता अशी की पट्टे हे केवळ डोळ्यांना दिसणारे एक लेबल आहे. ज्या यंत्रणेने एक निरुपद्रवी आवृत्ती सिमिलिपालभर पसरवली, तीच यंत्रणा हृदयाच्या, प्रतिकारशक्तीच्या, शुक्राणूंच्या घडणीत बिघाड करणाऱ्या आवृत्त्याही पसरवू शकते. त्या कॅमेऱ्यात दिसत नाहीत.

त्या कशा दिसू शकतात, हे त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासाने दाखवले. त्यात ५७ वाघांचे संपूर्ण जनुकसंच वाचण्यात आले. राजस्थानातील रणथंबोर हा लहान, एकाकी समूह आणि दोन मोठे, परस्परांशी जोडलेले समूह यांची तुलना केली गेली. आईवडील एकमेकांचे नातेवाईक असतील तर जनुकसंचाचे लांबच लांब पट्टे दोन्ही प्रतींत एकसारखे येतात. त्यांवरून अंतःप्रजनन मोजता येते. रणथंबोरमध्ये हे प्रमाण सरासरी ०.५७ निघाले, तर मोठ्या समूहांत ०.३५ आणि ०.४६.

या अभ्यासाचा आणखी एक निष्कर्ष प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे, कारण तो वरवर पाहता उलट दिशेला जातो. जनुक पूर्णपणे निकामी करणारे अतिघातक बदल रणथंबोरमध्ये सर्वांत कमी होते. त्याचे कारण असे की अंतःप्रजनन झाले की असे बदल दुहेरी होऊन उघडे पडतात, त्यांचे वाहक जगत नाहीत आणि समूह काही अंशी ‘शुद्ध’ होतो. यावरून काही अभ्यासक म्हणतात की लहान समूह आपली काळजी आपणच घेतात. बाहेरचे प्राणी आणून मोठ्या समूहात दडलेले घातक बदल त्यांच्यात कशाला मिसळावेत? मुद्दा गंभीर आहे. पण त्याच आकडेवारीने पुढचे वाक्यही सांगितले आहे. रणथंबोरमध्ये जे हानिकारक बदल उरले, त्यांचे प्रमाण अधिक होते आणि ते अधिक वेळा दुहेरी स्वरूपात होते. शुद्धीकरण जमेस धरूनही अंतःप्रजननाचा सर्वाधिक संभाव्य तोटा त्याच समूहाला होता. आगीने घरातील कचरा जळून जातो हे खरे, पण म्हणून कोणी घराला आग लावत नाही.

अमेरिकेतील दोन उदाहरणे या वादावर प्रकाश टाकतात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीस फ्लोरिडातील प्यूमा वीस-तीसच्या घरात उरले होते. मुरडलेली शेपटी, न उतरलेले वृषण, हृदयातील दोष अशी लक्षणे त्यांच्यात वाढली होती. १९९५मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या. त्यानंतरच्या वर्षांत संख्या तिपटीने वाढली, दोष घटले आणि संकरित पिल्ले अधिक जगली. या उपायाला ‘जनुकीय बचाव’ असे नाव मिळाले. दुसरे उदाहरण सुपीरियर सरोवरातील आइल रॉयल बेटावरील लांडग्यांचे. १९९७मध्ये एक नर गोठलेल्या सरोवरावरून चालत तेथे आला. त्याच्या वंशजांनी समूहाला नवे बळ दिले. पण पुढे कोणी आले नाही, त्याचेच वंशज एकमेकांत मिसळत राहिले आणि २०१६पर्यंत बेटावर केवळ दोन लांडगे उरले. ती जोडी बाप-लेकीची होती आणि तेच दोघे सावत्र भावंडेही होते. अखेर २०१८पासून बाहेरून नवे लांडगे आणावे लागले.

पहिल्या उदाहरणातून स्थलांतर उपयोगी पडते हे कळते. दुसऱ्यातून एकदा केलेले स्थलांतर पुरत नाही हे कळते. सिद्धान्ताचे जुने अनुमान असे की दर पिढीला निदान एक बाहेरचा प्राणी येऊन प्रत्यक्ष प्रजननात सहभागी व्हावा. प्रत्यक्षात ही गरज याहून अधिक असू शकते. ‘सहभागी व्हावा’ या शब्दांवर सारा भर आहे. जंगलात सोडलेली वाघीण आणि जंगलाच्या जनुकसंचात शिरलेली वाघीण यांत फार अंतर असते. झीनतच्या भटकंतीने ते अंतर किती किलोमीटरचे असू शकते, हे दाखवून दिले.

म्हणून ताडोबाच्या वाघिणी सिमिलिपालला नेण्याचा निर्णय तत्त्वतः योग्य होता, असेच म्हणावे लागेल. मध्य भारतातील वाघांचा समूह मोठा आणि विविधतेने संपन्न आहे; देणारा सधन आणि घेणारा गरजू होता. परंतु हा निर्णय ज्या व्यवस्थेत घेतला जातो, तिच्याविषयी समाधानी राहता येत नाही. त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण, आपण अजून वैचित्र्यावर भाळतो. जानेवारी २०२४मध्ये ओडिशा सरकारने सिमिलिपालजवळ जगातील पहिली काळ्या वाघांची सफारी उभारण्याची घोषणा केली. पर्यटन वाढावे, स्थानिकांना रोजगार मिळावा, हा हेतू वाईट नाही. पण रोगाचे लक्षण हेच आकर्षण झाले, तर रोग बरा करण्याची इच्छा उरेल का? भारताला हा अनुभव नवा नाही. १९५१मध्ये रीवाच्या महाराजांनी ‘मोहन’ नावाचा पांढरा वाघ पकडला. त्याच्याच मुलीशी त्याचा संकर घडवून १९५८मध्ये पांढरी पिल्ले मिळवण्यात आली आणि पुढे जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत त्या वंशाचे अंतःप्रजनन सुरू राहिले. पांढरा रंग हाही एका जनुकातील एकाच अमिनो आम्लाच्या बदलाचा परिणाम, हे २०१३मध्ये सिद्ध झाले. त्या रंगाच्या हौसेपायी तिरळेपणासारखे दोष कितीतरी पिढ्या जोपासले गेले. संवर्धनाच्या नावाखाली झालेले ते प्रदर्शनच होते. सिमिलिपालमध्ये काळ्या वाघांची टक्केवारी घटू लागली, तर ती यशाची खूण असेल. हे सरकारला, पर्यटकांना आणि पत्रकारांना आधीच सांगून ठेवणे आवश्यक आहे. अन्यथा उद्या ‘काळे वाघ संपत चालले’ म्हणून हळहळणारे मथळे छापून येतील.

दुसरे कारण, आपले यश आजही डोक्यांच्या गणतीत मोजले जाते. २०२२च्या गणनेनुसार देशातील वाघांची अंदाजित संख्या ३,६८२ झाली आणि तिचा सार्थ अभिमान बाळगला गेला. गीरच्या सिंहांची संख्या २०२०मधील ६७४वरून २०२५मध्ये ८९१वर गेली. पण हे सारे सिंह एकाच प्रदेशात, एकाच जुन्या, अरुंद वंशवेलीवर आहेत. २०१८मध्ये श्वानज्वराच्या विषाणूने तेथे वीसहून अधिक सिंहांचा बळी घेतला. दुसरे घर हवे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३मध्ये काही सिंह सहा महिन्यांत मध्य प्रदेशातील कुनोला हलवण्याचा आदेश दिला होता. कुनोत आज आफ्रिकेतून आणलेले चित्ते आहेत. सिंह पोहोचलेले नाहीत. संख्या वाढत असताना जोखीमही वाढू शकते, हे या उदाहरणाहून अधिक स्पष्ट कोण सांगणार? वाघांच्या प्रत्येक चतुर्वार्षिक गणनेसोबत प्रत्येक प्रकल्पाची जनुकीय विविधता, अंतःप्रजननाचे मान आणि शेजारच्या समूहांशी असलेली देवाणघेवाण प्रसिद्ध झाली पाहिजे. नमुने गोळा करण्याची पद्धत उपलब्ध आहे, हैदराबाद, बंगळूर, देहरादून येथील संस्थांत कौशल्य आहे. गणनेसाठी हजारो वनरक्षक जंगल पायी तुडवतातच. विष्ठेचा नमुना नीट सुकवून, जागेची नोंद करून पाठवणे हे त्यांच्या कामात बसणारे आहे.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. जनुके माणसांच्या शेतांतून प्रवास करतात आणि ती माणसे आपल्या आराखड्यांत सापडत नाहीत. २०१८मध्ये ओडिशातीलच सातकोसिया प्रकल्पात कान्हातून एक नर आणि बांधवगडमधून एक मादी आणली गेली. राज्यांमधील वाघांच्या स्थलांतराचा तो देशातील पहिला प्रयोग होता. नर त्याच वर्षी मेला. तो फासात अडकल्याचे सांगण्यात आले. मादीवर माणसे मारल्याचा ठपका आला, गावे पेटून उठली, तिला पकडून बंदिस्त ठेवावे लागले आणि शेवटी मध्य प्रदेशात परत पाठवावे लागले. जनुकशास्त्राच्या दृष्टीने त्या योजनेत चूक काढणे अवघड होते. ती कोसळली, कारण गावांची संमती, भक्ष्याची उपलब्धता आणि फासांचा बंदोबस्त या गोष्टी आधी झाल्या नव्हत्या. डीएनएचा अहवाल कोणता वाघ न्यावा ते सांगेल. ज्यांच्या गोठ्याजवळून तो जाणार आहे, त्यांच्याशी बोलण्याचे काम त्या अहवालाने होत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील माणसांना हे शिकवावे लागत नाही. वाघांच्या यशाची किंमत तेथील मोहफुले वेचणाऱ्यांनी आणि गुराख्यांनी प्राणांनिशी मोजलेली आहे.

या सगळ्यातून एक गोष्ट उरते, ती म्हणजे वाट. वाघाला वाहनातून नेणे हे रक्त चढवण्यासारखे आहे; संकटात ते करावेच लागते, पण कोणीही माणूस आयुष्यभर चढवलेल्या रक्तावर जगत नाही. मध्य भारतातील वाघांची संपन्नता कोणी वाहून आणलेली नाही. कान्हा-पेंच आणि सातपुडा-मेळघाट यांना जोडणाऱ्या जंगलपट्ट्यांमुळे तेथील वाघांची जनुकीय देवाणघेवाण टिकून राहिली, हे २०१३मधील संशोधनाने दाखवले. त्याच पट्ट्यातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४चे रुंदीकरण झाले, तेव्हा न्यायालयीन लढ्यानंतर महाराष्ट्रातील पेंचजवळ रस्ता उंच उचलून खालून प्राण्यांसाठी नऊ मार्ग ठेवण्यात आले. आज त्या मार्गांतून वाघ ये-जा करताना कॅमेऱ्यांत दिसतात. त्या पुलांचा खर्च पाहून नाके मुरडणाऱ्यांनी तो खर्च पुढील शंभर वर्षांत पिंजऱ्यांतून आणि वाहनांतून वाघ नेण्याच्या खर्चाशी ताडून पाहावा.

जनुकशास्त्राचा खरा उपयोग येथे आहे. कोणत्या दोन जंगलांमधील देवाणघेवाण अजून चालू आहे, कोणती नुकतीच तुटली आणि कोणती तुटण्याच्या बेतात आहे, हे विष्ठेतील डीएनए सांगू शकतो. त्यामुळे खाण, कालवा, लोहमार्ग किंवा महामार्गाची परवानगी देताना नकाशावरील हिरव्या रंगाऐवजी प्रत्यक्ष पुराव्यावर बोलता येईल. अशा प्रकल्पांच्या पर्यावरणीय मूल्यमापनात जनुकीय जोडणीचा अहवाल सक्तीचा करावा; स्थलांतराच्या प्रत्येक योजनेत आधीची तपासणी, नंतरची किमान दोन पिढ्यांची देखरेख आणि गावांशी झालेला लेखी समझोता यांचा समावेश असावा; आणि ही सारी माहिती संशोधकांना व विद्यार्थ्यांना खुली असावी. शिकारीच्या धोक्यामुळे नेमकी ठिकाणे गुप्त ठेवता येतील. विविधतेचे आकडे गुप्त ठेवण्याचे कारण नाही.

हे लिहिताना झीनतची वाट पुन्हा नकाशावर पाहण्यासारखी आहे. सिमिलिपालपासून झारखंडमार्गे बांकुड्यापर्यंत गेलेल्या त्या वाघिणीला राज्यांच्या सीमा ठाऊक नव्हत्या. सालवने, छोट्या टेकड्या, नदीकाठची झुडपे यांचा आधार घेत ती चालत राहिली. त्या तीन आठवड्यांत प्रशासनाच्या लेखी ती ‘भरकटलेली’ होती. पण रेडिओ कॉलरने टिपलेली तिची प्रत्येक जागा त्या प्रदेशात वाघाला आजही कोठून जाता येते, याची नोंद आहे. सिमिलिपालला इतर जंगलांशी जोडणारी वाट कधी काळी पुन्हा उभी करायची ठरली, तर तिची पहिली आखणी त्या वाघिणीनेच करून ठेवलेली आहे. ती नोंद फायलीत पडून राहू नये, एवढी अपेक्षा फार मोठी नाही.